नवी किडनी आणि जुने विषाणू
(कळमेश्वर येथील व्याख्यानमालेत झालेले व्याख्यान)



डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा नागपूर गाठणारं कुणी ना कुणी आपल्या ओळखीत असतंच. नाव झेडटीसीसीच्या, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, यादीत लागलेलं असतं आणि कान रुग्णालयाच्या फोनकडे. काही घरांत आई किंवा बायकोच किडनी द्यायला पुढे होते. मला बोलायचं आहे ते या वाट पाहण्याच्या काळाबद्दल. प्रत्यारोपणानंतरचे काही कॅन्सर टाळायची उत्तम संधी याच काळात असते आणि बहुधा हीच वाया जाते.

१९५४ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही. बाकीच्यांचं तसं नसतं. परक्या अवयवावर आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी तुटून पडतात, म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्यांनी त्यांना आवरावं लागतं. पण याच पेशी आपल्या अंगातल्या जुन्या विषाणूंवरही पहारा देत असतात.

जुने विषाणू म्हणजे कोणते? एपस्टाईन-बार विषाणू बहुतेकांना लहानपणीच गाठतो आणि रक्तातल्या बी-पेशींत जन्मभर दबा धरून बसतो. पहारा सैल झाला की त्या पेशी बेसुमार वाढतात आणि लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, होऊ शकतो. हिपॅटायटिस बी आणि सी यकृतात असतात. एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, गर्भाशयाच्या मुखाशी, गुदद्वाराशी, घशात. जिथे असतात तिथेच तेही कॅन्सर घडवू शकतात.

२००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक महत्त्वाची तुलना छापून आली. एकीकडे एचआयव्हीचे रुग्ण, दुसरीकडे प्रत्यारोपण झालेले. जगण्याची तऱ्हा वेगळी, साम्य एवढंच की दोघांचीही प्रतिकारशक्ती कमी. दोन्हीकडे वाढलेले कॅन्सर बरेचसे तेच निघाले, विषाणूंशी नातं असलेले. स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर मात्र वाढलेला नव्हता. २०११ साली अमेरिकेतल्या पावणेदोन लाख प्रत्यारोपितांचा अभ्यास आला. एकूण कॅन्सरचं प्रमाण सर्वसामान्यांच्या दुप्पट, नॉन-हॉजकिन लिम्फोमाचं सुमारे साडेसातपट.

हे ऐकून कुणी गोळ्या बंद करू नयेत. गोळ्या सोडल्या तर किडनी जाईल आणि पुन्हा डायलिसिसची खुर्ची नशिबी येईल. धोका वाढतो म्हणजे प्रत्येकाला कॅन्सर होतो, असं नव्हे. उलट, विषाणूमुळे होणारा आजार अडवायला वाव जास्त असतो.

तो कसा अडवायचा? डायलिसिसवर असतानाच हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी करून घ्या. सी निघाला तर आता गोळ्यांनी बरा होतो. कधी घ्यायच्या, हे डॉक्टर ठरवतील. बी नसेल तर लस घ्या. डायलिसिसच्या रुग्णाला तिची मात्रा मोठी लागते, आणि नंतर रक्त तपासून लस लागू झाली का, तेही पाहावं लागतं. एचपीव्हीची लस वयात बसत असेल तर तीन डोसांत घ्यावी. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लसही मिळते. गोवर आणि कांजिण्यांच्या लशींत जिवंत विषाणू असतो, म्हणून त्या शस्त्रक्रियेआधीच, निदान महिनाभर अगोदर घ्यायच्या. नंतर त्या चालत नाहीत.

एपस्टाईन-बारवर लस नाही. ज्या मुलाला तो कधी झालेला नाही आणि दात्याला होऊन गेलाय, त्या मुलाला धोका सर्वाधिक. तिथे रक्तातला विषाणू मोजत राहावा लागतो. लांबलेला ताप, मान-काखेत गाठी, घटणारं वजन दिसलं की थेट प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांकडे जा. पिट्सबर्गच्या डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं, की प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची मात्रा कमी केल्यावर असे काही लिम्फोमा ओसरतात. पण मात्रा कमी करायची ती डॉक्टरांनीच. बायांनी गर्भाशयमुखाची तपासणी नेमाने करावी. लस घेतली म्हणून ती चुकवू नये.

आणि आपल्या विदर्भाचा तंबाखू-सुपारीचा खर्रा! त्याला विषाणूची गरजच नाही. तो एकटाच तोंडाचा कॅन्सर करायला पुरेसा आहे. दबलेल्या प्रतिकारशक्तीत तर तो मुळीच नको.

तेव्हा घरातलं माणूस यादीत असेल तर पुढच्या डायलिसिसला जाताना डॉक्टरांना विचारा: कोणत्या लशी राहिल्या, कोणते विषाणू तपासले, दात्याचे तपासले का? उत्तरं फाईलमध्ये लिहून घ्या. किडनी कधी मिळेल ते आपल्या हातात नाही. एवढं मात्र आहे.