शहर येऊन राहिलं, आपलं वावर सांभाळा

(कळमेश्वर तालुक्यातल्या जमीन हक्क मेळाव्यातलं भाषण. बोललं तसंच देत आहोत.)





आपले आजे कळमेश्वरला बंडीनं बाजाराला जायचे. मोहा-चारोळी विकायची, तेल-मीठ घेऊन परत यायचं. आज तेच कळमेश्वर नागपूरच्या पोटात चाललं आहे. रेल्वे आहे, काटोल रोड आहे, एमआयडीसी आहे. ब्राह्मणी आणि कळमेश्वर मिळून नगर परिषद झाली. 2017 मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं, तेव्हापासून भोवतालच्या गावांचा नकाशा नागपुरात बसून काढला जातो. जिथं पऱ्हाटी-तूर होती तिथं चुन्याच्या रेघा अन् 'प्लॉट विकणे आहे'चे बोर्ड.

आम्ही शहराच्या विरोधात नाही. आपली पोरं एमआयडीसीत कामाला जातात. दवाखाना पाहिजे, कॉलेज पाहिजे. पण हे शहर आपल्याला कोण म्हणून आत घेते? जमिनीचा मालक म्हणून, की गेटवरचा चौकीदार म्हणून?

नागपूर कोणी वसवलं? देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, 1702 च्या सुमारास. बारा खेडी जोडून. आज त्याच नागपुरात आपल्या बाया बिल्डिंगवर विटा वाहतात. अमरावती रोडवरच्या गोंडखैरीच्या नावात अजून गोंड आहे. नावात राहून काय करायचं बाप्पा, सातबाऱ्यावर राहिलं पाहिजे.

आता हिशेब करा. दलाल आपल्याला भाव सांगतो एकरानं, अन् पुढं विकतो फुटानं. एका एकरात 43,560 चौरस फूट. रस्ते अन् मोकळी जागा सोडून 25,000 फूट उरले धरा. 1,500 फुटाचे सोळा प्लॉट झाले. आपल्या हाती जे येते, ते एका मोटारसायकलीत, एका लग्नात अन् जुन्या कर्जात जाते. तीन वर्षांनी आपण त्याच वावरात रोजीनं.

तुम्ही म्हणाल, आदिवासीची जमीन विकताच येत नाही, मग जाते कशी? अशी जाते. बाँडवर इसार चिठ्ठी. आममुखत्यारपत्रावर अंगठा. 'फक्त ठोक्यानं देऊन राहिले' म्हणून कोऱ्या कागदावर सही. नाही तर आपल्यातलाच एखादा नावापुरता खरेदीदार उभा करायचा, पैसा मागून दुसऱ्याचा.

म्हणून कायदा पाठ करा. नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून इथं पेसा लागत नाही, हे खरं. पण जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ सगळ्या महाराष्ट्रात लागते. 6 जुलै 1974 पासून आदिवासीची जमीन गैरआदिवासीला विकायला, दान द्यायला, बदलून द्यायला कलेक्टरची परवानगी लागते, अन् त्याआधी सरकारची मंजुरी. पाच वर्षांपर्यंतच्या ठोक्याला, गहाणालाही कलेक्टरला विचारावंच लागते. परवानगी नसेल तर तो व्यवहार कायद्यानं टिकत नाही, जमीन परत मागता येते.

जंगलातल्या अतिक्रमणाचं वेगळं आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं मिळालेला पट्टा विकताच येत नाही. तो वारसाला जातो, अन् तो नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो. म्हणून बहिणींनो, घरात दलाल चहा प्यायला बसला तर तुम्ही उठून आत जाऊ नका. तिथंच बसा, विचारा.

आणखी एक. गाव नगर परिषदेत गेलं की ग्रामपंचायत जाते, तिच्यासोबत ग्रामसभाही जाते. मग गायरान, पांदण, ढोरांचं पाणी, याबद्दल बोलायला आपली बैठकच उरत नाही. जे मागायचं ते ग्रामसभा आहे तोवर मागा.

या महिन्यात प्रत्येक गावानं हे करायचं:

1. घरोघरचा सातबारा अन् आठ-अ काढायचा. 'इतर हक्कात' 36-अ ची नोंद आहे का, पाहायचं. नसेल तर पटवाऱ्याला लेखी अर्ज, पोच घ्यायची.

2. कोणी इसार घेतला असेल, बाँड केला असेल, तर लपवू नये. त्याला कोणी नावं ठेवायची नाहीत. कागद घेऊन बैठकीत यावं.

3. राहिलेले वैयक्तिक अन् सामूहिक वनहक्क दावे ग्रामसभेच्या ठरावासह दाखल करायचे.

4. कोऱ्या कागदावर सही-अंगठा नाही. वाचता येत नसेल तर गावातल्या शिकल्या पोरानं वाचून दाखवायचं. आम्ही बारावी शिकलो ते याच कामासाठी.

शहर आपल्या धुऱ्यापर्यंत आलं आहे. धुरा ओलांडायचा असेल तर त्यानं आपल्याला विचारावं, एवढंच आपलं म्हणणं आहे.

जल, जंगल, जमीन — आमचा हक्क!
जय सेवा!