रायटरचा बफर किती असावा?



ठाण्यात गोखले रोडवर किंवा डोंबिवलीत स्टेशनाबाहेर कॉम्प्युटरच्या दुकानात डीव्हीडी रायटर मागितला, की हल्ली दुकानदार जरा चमकतो आणि खालच्या कप्प्यातून एखाददुसरा खोका काढतो. आता सीडी मारतंय कोण, असं तुम्हीही म्हणाल. पण सीटी स्कॅन केल्यावर पाकिटात सीडी मिळते, वकिलांना पुरावा डिस्कवर द्यावा लागतो, आणि मुलीच्या अरंगेत्रमची डीव्हीडी मागणारी आजी अजून आहे. तर खोक्यावर वेगाचा आकडा असतो, खाली बफरचा. एकावर 1 एमबी, दुसऱ्यावर 2. दुसरा थोडा महाग. घ्यावा का? त्या आकड्यापायी एक रुपयाही जास्त मोजू नये, असं माझं मत आहे.

बफर म्हणजे आपल्या बिल्डिंगची गच्चीवरची टाकी. नळाला पाणी कधी जोरात, कधी करंगळीएवढं. टाकी भरलेली असली की घरातला नळ अखंड वाहतो. रायटरमधला लेझर डिस्कवर एकच लांब सर्पिल रेघ काढत जातो आणि त्याला माहिती न तुटता लागते. कॉम्प्युटर क्षणभर दुसऱ्या कामाला लागला, तर तेवढा वेळ लेझरचं भागवतो तो बफर.

आता ही टाकी किती वेळ पुरते ते बघू. सीडीचा मूळ वेग सेकंदाला 150 केबी. चौपट वेगाने लिहायचं तर 600 केबी लागणार. म्हणजे 2 एमबीचा बफर साधारण साडेतीन सेकंद टिकतो. जुन्या, दमेकरी हार्ड डिस्कला श्वास घ्यायला तेवढी सवड पुष्कळ होती. बावन्नपट वेगाला मात्र तोच बफर पाव सेकंदात रिकामा. डीव्हीडीचं मूळ मापच मोठं, सेकंदाला 1385 केबी. सोळापट वेगाला 2 एमबी सेकंदाचा दहावा भागसुद्धा धड टिकत नाही. 8 एमबी घेतलेत तर सेकंदाचा तिसरा हिस्सा. एवढ्यात माणसाची शिंकही पुरी होत नाही. सोळापट हा वेग डिस्कच्या बाहेरच्या काठाला मिळतो, आतल्या बाजूला सुरुवात निम्म्याहूनही कमी वेगाने होते, हे खरं. पण त्याने हिशेब फारसा बदलत नाही.

मग बफरचा एवढा बोलबाला झाला कसा? नव्वदच्या दशकात त्याला खरोखर किंमत होती. सीडी राइट होताना घरात कर्फ्यू असे. स्क्रीनसेव्हर बंद, अँटिव्हायरस बंद, माउसला हात लावायचा नाही. मध्येच बफर रिकामा झाला की लेझर थांबे, रेघ तुटे आणि महागाची कोरी सीडी बाद. अशा बाद सीड्या पुढे गॅलरीत कबुतरं हाकलायला आणि रिक्षाच्या मागे शोभेला लागल्या.

2000 साली सान्यो कंपनीने ‘बर्न-प्रूफ’ नावाची युक्ती आणली. बफर आटत आला की रायटर स्वतःच लिहिणं थांबवतो आणि कुठे थांबलो ते लक्षात ठेवतो. टाकी भरली की लेझर थोडा मागे येतो, आधीचं लिहिलेलं वाचून ठेका पकडतो आणि तिथूनच पुढे लिहू लागतो. सांध्यात राहणारी फट इतकी सूक्ष्म, की डिस्कवरची चूकदुरुस्तीची व्यवस्था ती सांभाळून घेते. दोन-तीन वर्षांत सगळ्याच कंपन्यांनी वेगवेगळ्या नावांनी हीच सोय दिली. तेव्हापासून बफर लहान असला तर फार तर काम लांबतं. डिस्क जात नाही.

नीरो या डिस्क लिहिण्याच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर बफरची पट्टी सारखी हेलकावे खात असेल, तरी दोष बहुधा दुसरीकडे असतो. विंडोज एक्सपीची एक खोड होती: ड्राइव्हकडून मोजक्या चुका झाल्या की ते त्याला मुकाट्याने जुन्या, संथ पद्धतीवर नेऊन ठेवी. लोक नवा रायटर आणत. पुष्कळदा जुनी केबल बदलून आणि ती सेटिंग दुरुस्त करूनही भागलं असतं.

आपल्याकडे डिस्क बिघडवणारी आणखी एक गोष्ट होती, ती कुठल्याच खोक्यावर छापलेली नसे. 2005 नंतरची ती वर्षं आठवा. मुंबईत दिवे लखलखीत आणि आपल्याकडे कल्याण-डोंबिवलीत लोडशेडिंग. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्यांचं कामाचं वेळापत्रक मुहूर्तापेक्षा वीज कंपनीच्या तक्त्यावर ठरे. लाइट गेली की बफरमधलंही जातं आणि बर्न-प्रूफही विझतो. कुठे थांबलो हे लक्षात ठेवायला कुणी जागं असावं लागतं ना! तिथे उपयोग यूपीएसचा. घरच्या इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू करून मगच राइट करायला बसा, नाहीतर वीज बदलायच्या क्षणी कॉम्प्युटर बसतो.

लॅपटॉपला जोडायचे आजचे बारीक रायटर वीजही यूएसबीतूनच घेतात, आणि लिहिताना त्यांची भूक वाढते. म्हणून काहींबरोबर दोन तोंडांची केबल येते. ती दोन्ही तोंडं लावा. मध्ये स्वस्तातला हब नको. बफर वाढवण्यापेक्षा याने डिस्क जास्त वाचतात.

कोऱ्या डिस्कचं आता अवघड होत चाललंय. एके काळी गल्लोगल्ली मिळणारी मोझर बेअरची सीडी बनवणारी कंपनी 2018 मध्ये अवसायनात गेली. सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क फेब्रुवारी 2025 मध्ये बनवणं थांबवलं. तेव्हा मिळेल ती डिस्क बघून घ्या आणि सर्वांत वरच्या वेगाचा मोह टाळा. नाव मऊ टोकाच्या मार्करनेच लिहा. सीडीचा चकाकता थर छापील बाजूला, पातळ लाखेच्या लगेच खाली असतो. बॉलपेनचा ओरखडा थेट त्याला लागतो.

कोर्टासाठी डिस्क करणाऱ्यांना एक सांगतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि त्याच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून काढलेला ओळखीचा आकडा, द्यावा लागतो. तो हार्ड डिस्कवरच्या फाइलवरून एकदा काढा आणि राइट झालेल्या डिस्कवरच्या फाइलवरून पुन्हा काढा, तोही शक्य तर दुसऱ्याच कॉम्प्युटरवर. दोन्ही आकडे जुळले की डिस्क पाकिटात घाला.