विचारण्यात कमीपणा नाही



वैमानिक होण्यासाठी धाडस हवे, नजर चांगली हवी, गणित पक्के हवे, हे तुम्ही ऐकले असेल. ते खरेच आहे. परंतु लहान विमान चालविणाऱ्याला आणखी एक गुण लागतो व त्याचा उल्लेख फारसा कोणी करीत नाही. ऐकलेले नीट समजले नाही तर तत्क्षणी विचारणे, हा तो गुण होय.

खालून पाहणाऱ्याला आकाश म्हणजे मोकळे मैदान वाटते. वस्तुतः त्याचे 'ए' पासून 'जी' पर्यंत सात वर्ग ठरलेले आहेत. काही वर्गांत वैमानिक स्वतःच्या नजरेच्या भरवशावर फिरू शकतो. काहींत नियंत्रकाच्या परवानगीवाचून शिरताच येत नाही. मोठ्या विमानतळाभोवतीचे असे नियंत्रित क्षेत्र पुष्कळदा उलट्या उतरंडीसारखे असते. जमिनीलगत त्याचा घेर लहान, आणि वर जावे तसा मोठा. त्यामुळे विमानतळापासून दूर, जेथे खालच्या उंचीवर काहीच बंधन नाही, तेथेही थोडे वर चढले की हद्द ओलांडली जाते. आकाशात कुंपण नाही की पाटी नाही. हद्द असते ती नकाशावर आणि वैमानिकाच्या ध्यानात.

अशी हद्द नकळत ओलांडली गेली तर काय होते? ३१ ऑगस्ट १९८६ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोस गावावर जे घडले ते पाहा. टॉरन्स येथून पायपर जातीचे एक लहान विमान तिघांना घेऊन निघाले होते. दुपारी बाराचा सुमार, आकाश स्वच्छ. परवानगी न घेता ते नियंत्रित क्षेत्रात शिरले. आपली उंची नियंत्रकाला आपोआप कळविणारी सोय त्यात नव्हती. त्याच वेळी मेक्सिकोहून आलेले एक डीसी-९ प्रवासी विमान उतरण्यासाठी खाली येत होते. सुमारे साडेसहा हजार फुटांवर दोहोंची टक्कर झाली. विमानांतील ६७ आणि जमिनीवरील १५, अशी एकूण ८२ माणसे प्राणास मुकली. चौकशीत एकट्या वैमानिकावर ठपका ठेवला गेला नाही. नियंत्रण व्यवस्थेच्या उणिवाही दाखविल्या गेल्या. पुढे अमेरिकेत मोठ्या विमानतळांभोवती उंची कळविणारी यंत्रणा, आणि मोठ्या प्रवासी विमानांत टक्कर टाळण्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली.

परवानगी मागण्याची रीत अगदी साधी आहे. हद्दीच्या पुष्कळ अलीकडे असतानाच रेडिओवर सांगायचे: मी कोण, कोठे आहे, किती उंचीवर आहे आणि मला काय हवे. नियंत्रक 'स्टँडबाय' म्हणाला तर त्याचा अर्थ 'थांबा' एवढाच. परवानगीचे स्पष्ट शब्द कानी पडेपर्यंत बाहेरच राहायचे. मग उंची, दिशा, चार आकडी सांकेतिक क्रमांक, जे जे सांगितले जाईल ते वैमानिकाने उलट म्हणून दाखवायचे. ऐकण्यात चूक झाली असेल तर नियंत्रक ती तेथेच सुधारतो. नीट ऐकू आले नाही तर 'से अगेन' म्हणायचे. आणि नजरेच्या भरवशावर उडणाऱ्याला सांगितलेल्या दिशेने गेल्यास ढगात शिरावे लागणार असेल, तर 'अनेबल', म्हणजे 'जमणार नाही', असे सांगायचे. हा उद्धटपणा नव्हे. समोरचा ढग वैमानिकाला दिसतो, नियंत्रकाला दिसेलच असे नाही. आणि विमानाची अखेरची जबाबदारी वैमानिकाचीच असते.

"पण आमच्या इंग्रजीचे काय?" असा प्रश्न मराठी वा उर्दू माध्यमातील मुलांच्या मनात येईल. आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीत २००८ पासून इंग्रजीच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी पातळी आवश्यक आहे. या कसोटीत उच्चार साहेबासारखा हवा, अशी अट नाही. समोरच्याला तो समजला पाहिजे. उलट रेडिओवर 'थ्री'ला 'ट्री', 'फाइव्ह'ला 'फाईफ' आणि 'नाईन'ला 'नायनर' म्हणायचे असल्यामुळे खुद्द इंग्रजालाही आपला उच्चार बदलावा लागतो! आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. गैरसमज होतो आहे असे दिसताच विचारून खात्री करून घेता येणे, हाच त्या चौथ्या पातळीच्या कसोटीचा एक भाग आहे. म्हणजे जे विचारणे आपण अज्ञानाचे लक्षण समजतो, त्यालाच तेथे गुण मिळतात.

पालकहो, मुलाने तीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली तर "एकदा सांगितलेले कळत नाही का?" असे त्याला दटावू नका. त्याला तेच आपल्या शब्दांत सांगायला लावा. मुलींच्या बाबतीत तर हे विशेष सांभाळा. गप्प राहणारी मुलगी शहाणी, ही समजूत आता सोडली पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी सारेच काही वैमानिक होणार नाहीत. परंतु दवाखान्यात, कारखान्यात, कचेरीत, कोठेही जा, अर्धवट ऐकलेल्या सूचनेवर मान डोलावणारा माणूस स्वतःला व इतरांना धोक्यात घालतो. विचारण्याची सवय ऐन वेळी अंगी येत नाही. ती लावून घेण्याची जागा तुमचा वर्ग आहे, आणि तेथे चूक झाली तरी कोणाचा जीव जात नाही. म्हणून उद्या गणिताच्या तासाला एखादी पायरी कळली नाही, तर हात वर करा.