पात्याचं माप कुणाच्या हाताचं?

आजच्या बोलण्यात बचत, हप्ता, व्याज यातलं काही नाही. आज आपण बोलणार आहोत आपल्या हातातल्या पात्याबद्दल. सकाळी भाजी चिरायला विळी, रानात गेलं की खुरपं, सुगीला विळा, जळणाला कोयता. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत बाईच्या हातात कुठलं ना कुठलं पातं असतंच. दोघांचं पटत नसलं की आपण म्हणतो, यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. म्हणजे विळा आपल्या कामात आहे तसा आपल्या बोलण्यातही आहे.

तरीपण या पात्याचा आकार, वजन, मूठ कुणी ठरवली, हे आपण कधी विचारत नाही. बाजारात मिळतं ते घेतो. हाताला घट्टे पडले तर म्हणतो, कामाचा हात आहे, घट्टे पडणारच. आजचा आमचा मुद्दा एवढाच आहे की पातं ज्या हातात जाणार, त्या हाताला आधी विचारलं पाहिजे. जगभरातल्या बायकांची पाती पाहिली की हे चांगलं कळतं.

आधी आपल्या घरापासून सुरुवात करू. आपल्याकडे सुगीच्या आधी घिसाडी कुटुंबं गावाबाहेर पाल ठोकतात. जमिनीत छोटी भट्टी, भाता, ऐरण, आणि शेजारी बांधलेलं जनावर. नीट बघितलंत तर दिसेल, पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरून छोटा हातोडा मारतो आणि समोर उभी राहून मोठा घण मारते ती त्याची बायको किंवा सून. लाल लोखंड गार व्हायच्या आत घाव बसला पाहिजे, आणि तो नेमक्या जागी बसला पाहिजे. आपण बाजारात म्हणतो, लोहारानं केलेलं खुरपं. खरं तर त्या खुरप्यात लोहारणीचे दंड अर्धे तरी असतात.

आजकाल ही पाती बहुतेक जुन्या ट्रकच्या कमानपाट्यापासून होतात. पाटा चांगल्या पोलादाचा असतो. तो तापवून, ठोकून आकार देतात आणि शेवटी धारेला पाणी देतात. पाणी देणं हीच खरी कला. लाल तापलेली धार पाण्यात बुडवली की ती कडक होते. पण सगळंच पातं कडक झालं तर ते काचेसारखं तुटतं. म्हणून धार कडक आणि पाठ जरा मऊ ठेवायची. पाठ लवचीक असली की दगडावर आपटलं तरी पातं मोडत नाही.

हे शहाणपण एका देशाचं नाही. नेपाळमध्ये खुकरी करणारे कारागीरही गाडीचे पाटेच वापरतात, आणि किटलीतून पाण्याची धार सोडून फक्त पात्याच्या धारेला पाणी देतात. जपानमध्ये पूर्वापार पद्धतीत कडक पोलादाला मऊ लोखंडाची जोड देऊन सुरी घडवतात. कडक भाग कापतो, मऊ भाग सांभाळतो. भाषा वेगळी, भट्टी वेगळी, पण युक्ती एकच.

आता आकाराकडे येऊ. कोयत्या-सुरीत पातं हलतं आणि वस्तू जागेवर राहते. आपल्या विळीचं उलटं. पातं पाटावर उभं, पायानं पाट दाबलेला, आणि दोन्ही हात मोकळे. म्हणून तर विळीवर भोपळाही फुटतो आणि मेथीही बारीक होते. टोकाला खोवणी असली की नारळही त्याच बैठकीत खोवून होतो. बंगालमध्ये हिला बोंटी म्हणतात, आंध्र-तेलंगणात कत्तिपीट, तमिळनाडूत अरुवामनै, कर्नाटकात ईळिगे मणे. बंगाली घरात मासळीची बोंटी वेगळी ठेवायची पद्धत आहे. जमिनीवर बसून स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या बैठकीतून हा आकार आला आहे.

बैठक बदलली की मात्र अडचण होते. आपल्या गटातल्या कितीतरी मावश्यांचे गुडघे आता जमिनीवर बसू देत नाहीत. ओट्यावर उभं राहून सुरीनं चिरायचं तर मनगट दुखतं. अशा वेळी दूरच्या बायकांनी काय केलंय ते बघण्यासारखं आहे. उत्तरेच्या बर्फाळ प्रदेशात, अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंडमध्ये, इनुइट लोक राहतात. तिथल्या बायकांचं पातं म्हणजे उलू. उलू या शब्दाचा अर्थच बाईची सुरी. पातं अर्ध्या चंद्रासारखं, आणि मूठ त्याच्या डोक्यावर बरोबर मधोमध. त्यामुळे हाताचा जोर सरळ खाली धारेवर जातो, मनगट वाकडं करावं लागत नाही. याच पात्यानं त्या मासा कापतात, कातडं साफ करतात, कपड्यासाठी कातडं बेततात. पूर्वी उलू पाटीच्या दगडाचा असे, काही भागात तांब्याचा. पुढे पोलाद मिळू लागलं तेव्हा त्यांनी जुन्या करवतींची पाती कापून उलू केले. माल बदलला, पण मूठ जिथल्या तिथे ठेवली, कारण ती त्यांच्या हाताला पटलेली होती.

इटलीतही अर्धचंद्राचं पातं आहे, पण त्याला दोन्ही टोकांना दोन मुठी असतात. दोन्ही हातांनी धरून पाळण्यासारखं डोलवायचं, खाली कोथिंबिरीसारखा पाला बारीक होतो. एका हातात जोर नसलेल्या बाईला हे किती सोयीचं! आपल्या लोहाराला कागदावर चित्र काढून दाखवलं तर असं पातं त्याला अवघड नाही. आपल्याच अडकित्त्याचं बघा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने अडकित्ते ठेवलेत, त्यांत नाना आकार आहेत. सुपारी कातरायच्या एवढ्याशा वस्तूवर आपल्या कारागिरांनी इतकी कल्पकता लावली. मग रोज आठ-आठ तास हातात असणाऱ्या खुरप्यावर का लावू नये?

नवी पाती आपल्याकडेही निघाली आहेत. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं ‘नवीन’ नावाचा दातेरी विळा काढला. त्याची मूठ मागच्या बाजूला वाकवलेली आहे. पकड घट्ट राहावी आणि कापताना हाताला इजा होऊ नये म्हणून ती तशी केली आहे. कोकणात भातकापणीसाठी ‘वैभव’ विळा सांगतात. दातेरी पात्यात भाताचा गुळगुळीत पेंढा निसटत नाही आणि जमिनीलगत कापता येतं. धसकटं लहान राहिली की त्यांत लपून राहणारी खोडकिडाही कमी होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं आंब्यासाठी ‘नूतन’ झेला केला. त्याला पातं बसवल्यामुळे आंबा देठासकट निघतो. देठ राहिला की चीक फळावर सांडत नाही, फळ डागाळत नाही आणि भाव मिळतो. एका छोट्या पात्यानं एवढा फरक पडतो.

पण प्रत्येक नव्या पात्याला एक ‘पण’ असतो. दातेरी विळ्याला वरचेवर धार लावावी लागत नाही हे खरं. मात्र दाते एकदा झिजले की तो आपल्याला सहाणेवर घासून पाजवता येत नाही. आमच्या भागात एका योजनेतून असे विळे वाटले गेले होते. दोन हंगाम छान चालले, आणि मग माळ्यावर पडले, कारण दाते पुन्हा पाडून कोण देणार, हे वाटताना कुणी सांगितलं नव्हतं. साधा विळा मात्र आजी सासूला देते, सासू सुनेला देते. झिजून झिजून तो बोटाएवढा होतो तरी कापतो.

याहून मोठा ‘पण’ इंडोनेशियातल्या जावा बेटावर दिसतो. तिथे भात कापायचं बायकांचं एक जुनं पातं होतं, आनी-आनी. लाकडाच्या छोट्या तुकड्यात बसवलेलं, तळहातात लपेल एवढंसं. बायका एकेक लोंबी त्यानं खुडत. लोक सांगत, भातात देवी श्री वास करते, मोठं पातं बघून ती घाबरेल, म्हणून पातं मुठीत लपवायचं. काम सावकाश चाले, पण गावातल्या कितीतरी बायका कापणीला येत आणि कापलेल्यातला वाटा घरी नेत. भूमिहीन घराची चूल त्या वाट्यावर पेटे.

मग बुटक्या वाणाचं, जास्त पिकणारं भात आलं. १९७० च्या दशकात व्यापारी उभं पीक विकत घेऊ लागले आणि कापणीला आपली माणसं आणू लागले. त्यांच्या हातात विळे होते आणि त्यांत पुरुष जास्त होते. विळ्यानं काम झपाट्यानं उरकतं, माणसं कमी लागतात. मालकाची मजुरी वाचली आणि बायकांचा वाटा गेला. विळा वाईट होता का? नाही. एकेक लोंबी खुडत बसणं काही सुखाचं नव्हतं. पण वाचलेला वेळ आणि वाचलेला पैसा कुणाच्या पदरात पडणार, हे ठरवताना त्या बायकांना कुणी विचारलं नाही.

जावा फार दूर आहे असं वाटत असेल तर आपल्या ऊसतोडीकडे बघा. बीडकडून कारखान्यावर जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे ‘एक कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. ऊस बाई पण तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते. पण हिशेबात तिचं वेगळं नाव नाही. दोन माणसं एका पात्याच्या नावात मावतात आणि पैसे एकाच्या हातात जातात. म्हणून आम्ही म्हणतो, पात्याची गोष्ट फक्त लोखंडाची नसते.

मग गटानं काय करायचं? आम्ही चार कामं सुचवतो.

पहिलं, पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपलं खुरपं आणि विळा सोबत आणा. एकमेकींचं हातात धरून बघा. मूठ धरल्यावर अंगठा मधल्या बोटाला टेकतो का? टेकत नसेल तर मूठ तुमच्या हाताला जाड आहे, आणि ती दाबून धरण्यातच अर्धा जोर जातो. पातं पुढे फार जड आहे का? डावखुऱ्या बायका किती आहेत? दातेरी विळ्याचे दाते बहुधा एकाच अंगाला घासलेले असतात, ते उजव्या हाताच्या हिशेबानं. डावरीला तो बोचतो, मग आपण तिलाच म्हणतो, हिला काम जमत नाही.

दुसरं, नवं काही घ्यायचं तर आधी दोनच नग घ्या. एकीनं जुन्यानं, दुसरीनं नव्यानं, शेजारशेजारच्या ओळीत अर्धा दिवस काम करा. मग हत्यारं बदला. संध्याकाळी फक्त किती काम झालं ते विचारू नका. मनगट, कंबर, बोटं कशी आहेत तेही विचारा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. उभ्यानं चालवायचं लांब दांड्याचं हत्यार मोकळ्या ओळीत कंबर वाचवतं, पण दाट वाफ्यात खुरप्याशिवाय भागत नाही. कुठे काय चालतं, हे आपल्यालाच जास्त कळतं.

तिसरं, लोहाराला गटात बोलवा, आणि सोबत लोहारणीलाही. एकेकटीनं सांगितलं तर तो हसेल, पण वीस जणींची मागणी एकत्र गेली तर मूठ बारीकही करेल आणि डाव्या हाताचा विळाही घडवेल. धारेला पाणी नीट दिलंय का हे बघायला कानस फिरवा. कडक धारेवरून ती घसरते, मऊ धारेला ती खाते. पुढच्या सुगीला शेवटून कोण देणार आणि किती घेणार, हे त्याच वेळी ठरवा. त्यालाही काम मिळेल. कारखान्यात छापून निघालेल्या स्वस्त पात्यांपुढे त्याचा भाता विझत चालला आहे.

चौथं, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचं. नव्या पात्यानं काम लवकर होणार असेल तर मजुरीचं बोलणं आधी करा. रोजंदारीवर असाल तर वाचलेला वेळ मालकाचा होतो. उक्तं घेतलं असेल तर तो तुमचा होतो. पण काम झपाट्यानं होतंय म्हणून उक्त्याचा दर खाली आणला तर तोही हातचा जातो. हत्यार आपण आपल्या पैशानं घेणार असू तर त्याचा फायदा आपल्या वहीत दिसला पाहिजे.

पाती सांभाळायचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. काम झाल्यावर पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं, पोरांच्या हाताला लागणार नाही असं वर खोचायचं.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीला येताना पिशवीत पासबुकाशेजारी खुरपंही ठेवा, धार फडक्यात गुंडाळून. कुणाची मूठ कशी आहे ते बघा, आणि काय बदलून हवं ते ठरवून आम्हाला कळवा. सगळ्या गटांची मागणी एकत्र करून सुगीच्या आधी लोहाराकडे देऊ.