तपासनीस कोणाच्या तिजोरीतून पोसावा?



आपल्या मिरज-लोंढा मार्गाच्या दुहेरीकरणाचा एकेक टप्पा पुरा झाला, तेव्हा त्यावरून उतारूंची गाडी सोडण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची पाहणी व्हावी लागली. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत. त्यांचा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. रूळ तपासणाऱ्याचा विमानांशी संबंध तो काय, असे म्हणून आपण हसाल. परंतु या विसंगतीच्या मुळाशी मोठे शहाणपण आहे.

१९०५ साली रेल्वे बोर्ड स्थापन झाले आणि तपासनीस त्याच्याच अंकित झाले. जो गाड्या चालवी, तोच त्यांचा न्यायाधीशही! जुलै १९३७ मध्ये पाटण्याजवळ बिहटा येथे शंभराहून अधिक उतारू प्राणास मुकले. त्यानंतर कर्नल माउंट यांच्या समितीने १९३९ मध्ये ही व्यवस्था मोडण्याची शिफारस केली, आणि मे १९४१ मध्ये तपासनीसांचे खाते बोर्डापासून तोडून टपाल व विमान खात्याला जोडण्यात आले. परक्या सरकारनेही एवढे जाणले, हे मान्य केलेच पाहिजे.

पण चूल वेगळी मांडून दिली म्हणजे शिधा पोचला असे होत नाही. आयुक्त येतात ते बहुधा रेल्वेच्याच सेवेतून, आणि त्यांच्या शिफारशी मानणे न मानणे शेवटी रेल्वेच्याच हाती राहते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये स्पष्ट सांगितले की, प्रत्यक्ष वाहतुकीत या आयोगाला स्थान नगण्य आहे; कायद्याने अधिकार दिलेले स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरण हवे. त्याला एक तप उलटून गेले; प्राधिकरण मात्र अवतरले नाही.

किंमत कोणी मोजली? २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे २९० हून अधिक माणसे मेली. आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या तारजोडणीतील चुका उघड झाल्या. तशाच चुकीचा प्रकार त्याच विभागात २०२२ मध्ये घडून गेला होता. तेव्हाच इलाज केला असता तर हा अनर्थ टळला असता, असे चौकशीतच नमूद आहे. आग लागल्यावर येणारा तपासनीस आपल्यापाशी आहे. ठिणगी पाहत फिरणारा नाही. त्यासाठी आयोगाच्या पदरी स्वतःचे सिग्नल अभियंते हवेत, आणि त्यांचा खर्च कायद्याने बांधून दिलेला हवा.

२०२३-२४ साली केंद्राने रेल्वेच्या भांडवली कामांसाठी २ लाख ४० हजार कोटी रुपये दिले. त्यावर नजर ठेवणाऱ्याच्या पदरात किती पडले? विमान वाहतूक खात्याच्या मागण्यांत तो आकडा असतो. आपल्या खासदारांना तो ठाऊक आहे काय, हे पुढच्या सभेत त्यांना उभे करून विचारा.