दुःखाला नाव देताना

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या परिसरातील अनेक घरांत सुखदुःख मराठीत बोलले जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी १९९३ साली ग्रंथरूपाने मांडलेली संवादोपचार-पद्धती आत्मघाताच्या विचारांनी ग्रासलेल्यांना चार कौशल्ये शिकविते: सजगता, क्लेश सोसणे, भावनांचे नियमन आणि नाती सांभाळून आपले म्हणणे मांडणे. तारुण्यात स्वतःही याच यातना भोगल्याचे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले.

उसळलेल्या भावनेला अचूक नाव देणे, हा या नियमनाचा पाया होय. संताप, शरम, धास्ती यांतील भेद उमगला, की हात क्षणभर थांबतो. तेवढ्या अवधीत जीव वाचू शकतो. हा भेद मातृभाषेत सहज उमगतो. म्हणून सीमाभागातील उपचारकाने रुग्णाची मराठी ऐकावी. शब्द जतन करणारे ग्रंथालयही अशा वेळी औषधालयाच्या पंक्तीस बसते.