सीईटी परत द्यायची, तर अभ्यासाची पद्धत बदलून

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी मांडलेले विचार)



सध्या गटांच्या सभेत कर्जमागणीचं एक कारण सारखं ऐकू येतंय. "पोरीला सीईटी परत द्यायचीय, कल्याणला क्लास लावायचाय." कारण चांगलं आहे, गटाने कर्ज जरूर द्यावं. पण त्याआधी पोरीला एक विचारा: मागच्या वेळेसारखाच अभ्यास करणार, की काही बदलणार? तीच पद्धत असेल, तर नुसते तास वाढवून फार फरक पडत नाही. वर्ष जातं, हप्ते राहतात, आणि मग घरात लग्नाचा विषय निघतो.

आधी निकालाचा कागद समोर ठेवा. ७० पर्सेंटाइल म्हणजे ७० टक्के मार्क नव्हेत. परीक्षा दिलेल्या शंभरातली साधारण ७० मुलं तिच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. कागदावर विषयवार आकडेही असतात. सगळ्यात कमी आकडा कुठे, ते बघा.

मग पेपर समजून घ्या. इंजिनिअरिंगच्या गटात गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे! गणिताला घाबरून केमिस्ट्रीच घोकत बसलं, तर कसं चालेल? बायोलॉजीच्या गटात तेच वजन बायोलॉजीला आहे.

वेळेचंही तसंच. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटसुद्धा नाही. म्हणून नुसतं वाचून भागत नाही. आठवड्यातून एकदा तरी घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायला हवा.

नीटमध्ये चुकीच्या उत्तराला १ गुण कापतात. सीईटीत कापत नाहीत, त्यामुळे इथे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. दोन्ही परीक्षा देणाऱ्या मुलींनी हा फरक पक्का लक्षात ठेवावा. आणि सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, तेव्हा अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका. दिलीच असतील, तर बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

एक चुकांची वही करायला सांगा. प्रत्येक पेपरनंतर चुकलेला प्रश्न लिहायचा, आणि पुढे कारण: येतच नव्हतं, घाई झाली, की प्रश्न नीट वाचला नाही? आसनगाव-कल्याण लोकलमध्ये हीच वही चाळायची.

तुम्ही म्हणाल, आम्हाला त्यातलं काय कळतं? आपण वेळ तर देऊ शकतो! पेपर सोडवायच्या दिवशी तीन तास तिला पाणी, भांडी, धाकट्या भावंडांसाठी हाक मारायची नाही. आणि दर रविवारी वही बघायची. त्याच त्या चुका परत दिसतायत का, एवढं विचारायला इंग्रजी लागत नाही.

आता हे कशासाठी? जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणाच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. पण प्रवेश सरकारी फेरीतून, म्हणजे कॅप राऊंडमधून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला ती लागू नाही. एससी, एसटी मुलींसाठी वेगळ्या योजना आहेत. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्ताच काढायला टाका.

पुढच्या सभेत असा कर्जअर्ज आला, तर रकमेसोबत अभ्यासात काय बदलणार तेही मुलीकडून ऐकून घ्या. तिलाच सभेला बोलवा, तिलाच सांगू द्या.